साडेएक

"साडेएक वाजले आहेत," डबा म्हणाला, आणि माझ्या सासूबाईंनी तोंडाकडे नेलेला भाकरीचा घास पुन्हा ताटात ठेवला.

रविवारची दुपार होती. टेबलाशी आम्ही तिघं होतो. मी, माझी बायको शैला आणि तिची आई कमलिनीबाई देवस्थळी, वाईच्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. चौथा तो डबा. मूळचा चिवड्याचा, प्लास्टिकचा. झाकणावर डोअरबेलचं बटण, पोटात पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर आणि जुन्या टीव्हीतून काढलेला स्पीकर. बटण दाबलं की आतली बाई वेळ सांगायची. बनवला होता मी. आणि मोठ्या ऐटीत सासूबाईंचं बोट धरून बटणावर नेलं होतं तेही मीच.

"काय म्हणाली ही?" सासूबाईंनी विचारलं.

"दीड वाजलाय, आई," शैला घाईघाईनं म्हणाली.

"तू नको सांगूस. तिलाच सांगू दे." त्यांनी चाचपडत बटण शोधलं आणि पुन्हा दाबलं.

"साडेएक वाजले आहेत."

"विद्याधरराव, ही बाई कुठल्या गावची?"

"कॉम्प्युटरची आहे, आई. मी शब्द लिहून देतो, ती वाचते."

"म्हणजे 'साडेएक' तुमचं."

माझंच होतं. घड्याळाचा प्रोग्रॅम लिहिताना मी एक नियम घातला होता: तीस मिनिटं झाली की आकड्याच्या आधी 'साडे' लावायचं. साडेतीन, साडेचार, साडेदहा. काय सुटसुटीत नियम, म्हणून मी स्वतःवरच खूश झालो होतो. जन्मभर दीडला जेवलो, अडीचच्या एसटीनं साताऱ्याला गेलो, आणि नेमके दीड नि अडीच साफ विसरलो.

"आणि अडीचला काय म्हणेल?"

मी वांग्याच्या भाजीकडे बघत म्हणालो, "साडेदोन."

शैलाला ठसका लागला. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "जेवण झालं की वही घेऊन या."

हा खटाटोप कशासाठी होता, ते सांगायला हवं. काचबिंदूनं सासूबाईंची दृष्टी दोन वर्षांत गेली. त्या एकट्या वाईला राहत होत्या, म्हणून संक्रांतीनंतर आम्ही त्यांना कराडला आमच्याकडे आणलं. आमची मुलगी पुण्याला हॉस्टेलवर, तिची खोली रिकामीच होती. सगळं छान चाललं होतं. फक्त एक होतं. सासूबाई वेळ विचारायच्या. "किती वाजले गं?" दहा मिनिटांनी पुन्हा, "अहो, किती वाजले?" उजेड-अंधार कळत नाही त्या माणसानं दुसरं काय करावं, हे आम्हाला समजत होतं. पण सकाळी पोस्टात नोकरीवर जायच्या गडबडीत, एकीकडे दूध उतू जातंय आणि दुसरीकडे केसांत कंगवा अडकलाय, अशात शैलाच्या तोंडून निघून गेलं, "आई, आत्ताच सांगितलं ना! तुला कुठं गाडी पकडायची आहे?"

त्यानंतर सासूबाईंनी वेळ विचारली नाही. एकदाही नाही. चौथ्या दिवशी त्यांनी वाईजवळच्या एका वृद्धाश्रमाचा फॉर्म मागवला आणि शैलाकडूनच भरून घेतला. शैला लिहीत होती आणि रडत होती, आणि सासूबाई तिला वेलांट्या नीट दे म्हणून सांगत होत्या. खोली गुढीपाडव्यापासून मिळणार होती. "मला कुणावर राग नाही," त्या म्हणाल्या. "पण कुणाच्या कामात मध्येमध्ये यायचं नाही, एवढं आयुष्यभर पाळलंय."

शैला चार दिवस नीट जेवली नाही. तेव्हा मी पुढे सरसावलो. मी म्हणजे पाटबंधारे खात्यात नकाशे काढणारा माणूस. पण घरात माळ्यावर माझं एक टेबल आहे आणि त्या टेबलावर मी स्वतःला इंजिनिअर समजतो. माझी तोपर्यंतची कर्तबगारी सांगतो. पाण्याची टाकी भरली की शिट्टी वाजवणारं यंत्र केलं, ते टाकी रिकामी झाली की वाजायचं. तुळशीला आपोआप पाणी घालणारं केलं, त्यात तुळस कुजली. आणि माझ्या एकाही वस्तूला वाचा नव्हती. फार तर 'पीं' करायची.

"आईंचा प्रश्न काय आहे?" मी शैलाला म्हणालो. "वेळ. कुणाला न विचारता ती कळली की संपलं. हा टेक्निकल प्रश्न आहे."

"एवढं सोपं आहे होय?" शैला म्हणाली.

"बघच तू."

आवाज काढणं सोपं नसतं, हे मला आठ दिवसांत कळलं. त्या चिमुकल्या कॉम्प्युटरला स्पीकर थेट जोडला, तर कानाशी डास आल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. इअरफोनच्या भोकातून आवाज घेतला, तर बाईच्या आधी आणि नंतर नुसतं सूंऽऽ. मग पोस्टाच्या तिकिटाएवढा अँप्लिफायर मागवला. आवाज मोठा झाला, पण किरटा. स्पीकर उघडा ठेवून चालत नाही, त्याला पोकळी लागते, हे कुठंतरी वाचलं आणि त्याला स्टीलच्या डब्यात बसवलं. डबा इतका थरथरायचा की 'वाजले'चं 'वाझझझले' व्हायचं. शेवटी चिवड्याच्या डब्यात आवाज भरदार निघाला. मी माळ्यावर एकटाच टाळ्या वाजवल्या. आणि एवढं सगळं करून बाई काय म्हणाली, तर साडेएक.

वही आणली. सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या.

"लिहा. साडेबारानंतर काय?"

"पावणेएक."

"पाऊण! पाऊण वाजला. मग एक वाजला. मग सव्वा वाजला. मग दीड वाजला. इथपर्यंत 'वाजला'. पावणेदोनपासून 'वाजले'. तुमची ती बाई सगळ्यांनाच 'वाजले' म्हणते."

"यंत्राला सोपं पडावं म्हणून—"

"भाषा यंत्राच्या सोयीसाठी नसते. दहावीला मराठीत किती होते तुम्हाला?"

"अडतीस."

"दिसतंय," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या.

त्या दिवसापासून कॉम्प्युटरच्या बाईला घरातून हाकललं. सासूबाईंना तिचे उच्चार सोसवत नव्हते. म्हणाल्या, तुमचाच आवाज भरा, निदान इकडचा तरी आहे. मग रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की चहा घेऊन मी त्यांच्या खोलीत जायचो, माइक लावायचो आणि एकेक वेळ बोलायचो. मी बोलायचो आणि त्या बोटानं खुर्चीच्या दांड्यावर टकटक करायच्या. एक टकटक म्हणजे पुन्हा. दोन म्हणजे तुम्हाला काही आशा नाही.

"पाच वाजायला दहा मिनटं—"

टक. "मिनिटं. 'नि' कुठं खाल्लात?"

"पाच वाजायला दहा मिनिटं कमी आहेत."

"'कमी' कशाला? वाजायला म्हटलंत ना? मग दहा मिनिटं आहेत, एवढं पुरे."

पंधरा दिवस ही शिकवणी चालली. मध्ये रस्त्यावरून भंगारवाला ओरडत जायचा आणि सगळं पुन्हा भरावं लागायचं. एकदा मी 'सव्वासहा'ला शिंकलो, तेव्हा त्या इतक्या हसल्या की शैला स्वयंपाकघरातून हातात लाटणं घेऊन बघायला आली. दारात उभी राहिली आणि डोळे पुसत परत गेली. मला वाटलं, कांदा चिरत असेल.

शेवटी एकही चूक न करता डबा चोवीस तास बोलू लागला. सासूबाईंनी दिवसभर परीक्षा घेतली. पाऊण, सव्वा, दीड, अडीच, सगळं चोख. "शाबास," त्या म्हणाल्या. मला पहिलं बक्षीस मिळाल्यासारखं झालं.

आता घरात कशी शांतता आली! कुणी कुणाला वेळ विचारत नव्हतं. शैलाची सकाळची धावपळ सुरळीत झाली. मी ऑफिसातून यायचो, दारातून डोकावून विचारायचो, "कसं काय, आई? चालतंय ना?" त्या म्हणायच्या, "उत्तम." मग मी पेपर घेऊन बाहेरच्या खोलीत. आत जाऊन करायचं तरी काय? दुरुस्त करायला काही शिल्लकच नव्हतं. अधूनमधून आतून माझाच आवाज यायचा, "सात वाजायला पाच मिनिटं आहेत," आणि मी पेपरमागे स्वतःवरच खूश व्हायचो. प्रश्न सुटला होता.

पाचव्या दिवशी सासूबाईंनी शैलाला माळ्यावरची ट्रंक काढायला सांगितली. पाडव्याला दोन आठवडे होते.

"अगं, पण का?" मी रात्रीच्या जेवणाला शैलाला विचारलं. "आता काय अडतंय त्यांचं?"

"मला काय विचारता?" ती फणकारली. "तुमचा टेक्निकल प्रश्न ना?"

दुसऱ्या दिवशी डबा मुका झाला.

मी ऑफिसातून आलो तर सासूबाई म्हणाल्या, "विद्याधरराव, तुमचं यंत्र बोलेनासं झालंय." उघडून बघतो तर स्पीकरची वायर खोबणीतून निघालेली. खोचून बसवली. त्या निमित्तानं तासभर त्यांच्याजवळ बसलो. त्या शाळेच्या गोष्टी सांगत होत्या. एका मुलीनं निबंधात आईला 'प्रेमळ प्राणी' लिहिलं होतं, ती आता तहसीलदार आहे म्हणाल्या. दोन दिवसांनी पुन्हा वायर निघाली. मी म्हटलं, आवाजाच्या कंपनांनी सैल होत असणार. या वेळी सोल्डरिंगचं पेन तापवलं आणि वायर कायमची डकवून टाकली. सासूबाई शेजारीच होत्या.

"हा कसला वास?"

"सोल्डरिंगचा. आता ही जन्मात निघायची नाही."

"हो का?" त्या म्हणाल्या. मला उगाच वाटलं, त्यांचा चेहरा जरा पडला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी ती वायर तुटलेली होती. निघालेली नव्हे, तुटलेली! अगदी साफ. आता माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. मी भिंग घेऊन तुटलेली टोकं तपासली. अँप्लिफायर बदलला. कॉम्प्युटरचा चार्जर बदलला. इंटरनेटवर जगभरच्या हौशी मंडळींना फोटो पाठवून विचारलं. ती मंडळी माझ्यासारखीच, त्यामुळे त्यांनीही सतरा कारणं सांगितली. हवेतली आर्द्रता, हलक्या प्रतीचं तांबं, उष्णतेनं होणारं आकुंचन. मी रोज संध्याकाळी डबा मांडीवर घेऊन सासूबाईंच्या खोलीत बसायचो, वायर जोडायचो, आणि त्यांना ही कारणं समजावून सांगायचो. त्या मन लावून ऐकायच्या. अधूनमधून म्हणायच्या, "आकुंचन होत असेल, होय," किंवा, "बसा, चहा होऊ दे." डबा बंद असल्यामुळे मध्येच विचारायच्याही, "किती वाजले असतील?" मी लाजून घड्याळ बघायचो आणि सांगायचो. माझं यंत्र फसल्याची शरम वाटायची मला.

वायर पुन्हा तुटली. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"उंदीर!" मी शैलाला म्हणालो. "चिवड्याचा डबा आहे. वास राहिलाय त्याला. उंदीर वायर कुरतडतोय."

"घरात उंदीर? इतक्या वर्षांत नाही दिसला तो?"

"दातांच्या खुणा नाहीत, मान्य. पण कापतो मात्र सफाईनं. शैला, माझं ऐक. हा उंदीर सापडला ना, की यंत्र नीट चालेल, आणि यंत्र नीट चाललं की आई कुठंही जाणार नाहीत."

शैलानं माझ्याकडे असं पाहिलं, की लग्नाला बावीस वर्षं झाली याचं तिला त्या क्षणी वाईट वाटत असावं.

पाडव्याच्या दोन दिवस आधी मी अर्धी रजा टाकली. मंडईतून उंदराचा पिंजरा घेतला, त्यात लावायला सुकं खोबरं घेतलं आणि भर दुपारी घरी आलो. उंदराला चाहूल लागू नये म्हणून चपला बाहेर काढल्या. कुलूप हळूच उघडलं. पिंजरा छातीशी धरून, चवड्यांवर चालत, सासूबाईंच्या खोलीच्या दाराशी आलो. माझं वय तेव्हा एक्कावन्न होतं, हेही नोंदवून ठेवतो.

खोलीत भरलेली ट्रंक भिंतीशी होती. सासूबाई टेबलापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी डब्याचं बटण दाबलं. "दीड वाजला आहे," माझा आवाज म्हणाला. त्यांनी मान हलवली. उच्चार पटला असावा. मग डब्याचं झाकण काढलं. आत हात घातला आणि आंधळ्या बोटांनी एकेक वायर चाचपत गेल्या, शांतपणे, तांदूळ निवडावेत तशा. हवी ती वायर सापडली. दुसऱ्या हातात त्यांचा सुपारीचा अडकित्ता होता. त्यांनी वायर अडकित्त्यात धरली. कट्ट.

मग झाकण लावलं. बटण दाबून पाहिलं. डबा गप्प. त्यांनी अडकित्ता पदराला पुसला आणि खुर्चीत बसल्या, दाराकडे तोंड करून, हात मांडीवर घेऊन. संध्याकाळी साडेसहाला मी येईपर्यंत त्या अशाच बसणार होत्या, हे मला कळलं. सोल्डरिंगचं पेन हातात धरून मी एवढे दिवस त्यांना आर्द्रता नि आकुंचन समजावत होतो, तेही सगळं आठवलं. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. म्हटलं, आल्या पावली परत फिरावं, खाली जावं आणि साडेसहालाच यावं. मी एक पाऊल मागे घेतलं, आणि पिंजऱ्याचं दार कुरकुरलं.

"या," सासूबाई म्हणाल्या. "पिंजरा आणलात का?"

मी दारातच उभा. "तुम्हाला कसं कळलं?"

"काल रात्री शैलाला खोबऱ्याचं विचारत होतात. डोळे गेलेत माझे, कान नाही. कधी आलात?"

खरं बोलायचं की खोटं, ते मला ठरवता येईना. मी आत गेलो, पिंजरा टेबलाखाली ठेवला, नेहमीच्या जागी बसलो आणि डबा मांडीवर घेतला. उघडला. वायरीची दोन टोकं माझ्याकडे बघत होती.

"आत्ताच आलो," मी म्हणालो. "बंद पडलाय वाटतं पुन्हा."

"हो ना. उंदीर फार हुशार दिसतो."

"फार."

"सापडेल का?"

"नाही, आई. मला नाही वाटत सापडेल."

सासूबाईंची बोटं खुर्चीच्या दांड्यावर होती, पण टकटक करत नव्हती. बाहेर कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली.

"परवा पाडवा," त्या म्हणाल्या. "तोवर होईल का हे दुरुस्त?"

त्यांचा आवाज जरा कापला. एकतीस वर्षं वर्गात घुमलेला तो आवाज मी कधी कापताना ऐकला नव्हता. मी वायरीची दोन्ही टोकं मुठीत दाबून धरली.

"छे! परवापर्यंत कसलं होतंय! मोठा फॉल्ट आहे."

"किती मोठा?"

"सगळं पुन्हा करावं लागेल. आवाजसुद्धा पुन्हा भरावे लागतील. माझा जमला नाही, आई. 'पाऊण' तर अजून येत नाही मला."

"नाहीच येत," त्या लगेच म्हणाल्या. "मी बोलले नव्हते, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"आणि मला एकट्याला ते कळत नाही. कुणीतरी शेजारी बसायला लागतं."

"अर्धवट काम टाकून मी कधी वर्ग सोडला नाही," त्या म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसलं. तोंड पुसता पुसता डोळेही पुसले. "फोन लावून द्या मला. वाईचा. वृद्धाश्रमाचा."

मी नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्या ताठ बसल्या.

"नमस्कार. मी कमलिनी देवस्थळी, कराडहून बोलते. पाडव्यापासूनची माझी खोली दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाका... नाही, नाही, तब्येत उत्तम आहे... घरात एक काम निघालंय, मला हलता येत नाही... किती दिवस, ते कसं सांगू? आमच्या जावयांनी हातात घेतलंय. म्हणजे वर्षं लागतील."

काम नऊ वर्षं चाललं.